दुसऱ्या पायरीचे मानकरी

आमच्या फणसवाडीत संध्याकाळी मुलांचा चेंडू एकदा तरी जिन्यात येऊन पडतो. परवा तो परत द्यायला मी खाली उतरलो, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, "काका, सेकंड डिव्हिजन म्हणजे हरलेल्यांची लीग ना?" त्याच्या अंगात एका परदेशी क्लबाची जर्सी होती. मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिले. ते त्याला पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. आकाशवाणीने खेळावर बोलायला बोलावले, तेव्हा मनाशी ठरवले की त्या मुलाचे अपुरे राहिलेले उत्तर इथे पुरे करावे.

कविता लिहिणाऱ्या माणसाने फुटबॉलवर का बोलावे, असे कुणी विचारील. माझ्याकडे एकच कारण आहे. फणसवाडीतून निघून धोबीतलाव, मेट्रोचा चौक, क्रॉस मैदान, ओव्हल असे करत कुपरेज मैदानापर्यंत चालत जाता येते. माझे अब्बा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. महिन्यातून एखाद्या रविवारी ते मला याच वाटेने सामना बघायला न्यायचे. जाताना बोलणे फारसे नसे, येताना मात्र सगळा सामना पुन्हा पायांखाली यायचा.

तेव्हा कुपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने व्हायचे. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. सुरुवातीची कित्येक वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि पहिल्यांदा भारतीय संघाचे नाव त्यावर कोरले गेले. १९४० मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने तो नेला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलीस संघाकडे होता.

मोहमेडन स्पोर्टिंगचा सामना असला की वाडीतले नाना मला हटकून विचारायचे, "काय रे, आज तू कोणाकडून?" नानांच्या विचारण्यात कुजकेपणा नव्हता, थट्टा होती. तरी मी गोंधळायचो. अब्बा हसून सांगायचे, "नाना, आधी खेळ बघू द्या त्याला. मग तो सांगेल." आपला संघ कोणता, हा प्रश्न मला त्या वयात पहिल्यांदा भेटला. आज जे बोलणार आहे, त्याच्या तळाशी तोच प्रश्न आहे.

आधी मुळाची गोष्ट समजून घेऊ. रोव्हर्ससारखी स्पर्धा बाद पद्धतीची असते. हरलात की गाशा गुंडाळून घरी. लीगमध्ये तसे नसते. प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, बहुतेक वेळा एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा दुसऱ्याच्या. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक. मोसमाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त, तो विजेता. जगभरात अशा लीगला एकाखाली एक पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर जे तळाला राहतात ते खाली घसरतात आणि खालच्या पायरीवर जे अव्वल ठरतात त्यांना बढती मिळते. या येण्याजाण्यामुळेच खालच्या पायरीला अर्थ येतो. तिथे जिंकण्याचे बक्षीस फक्त चषक नसते. पुढल्या वर्षी मोठ्यांच्या पंगतीत पान मांडले जाते, ते खरे बक्षीस.

अशी पंगत उलटीपालटी झाल्याच्या गोष्टी इतिहासात आहेत. जर्मनीतला कैझर्सलाउटर्न हा संघ १९९७ मध्ये दुसऱ्या विभागाचा विजेता होता. वर आल्या वर्षीच, १९९८ मध्ये, तो सबंध जर्मनीचा विजेता झाला. इंग्लंडमधल्या लेस्टर सिटीने २०१४ मध्ये दुसरा विभाग जिंकला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग. आपल्याकडची गोष्ट याहून जुनी आहे. मोहमेडन स्पोर्टिंग १९३३ पर्यंत कोलकाता लीगच्या दुसऱ्या विभागात होता. १९३४ मध्ये तो वरच्या विभागात आला, आल्या वर्षीच लीग जिंकली आणि पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ती कुणाला दिली नाही. म्हणजे त्या मुलाने ज्याला हरलेल्यांची लीग म्हटले, तिच्यातूनच भारतीय फुटबॉलमधला एक मोठा पराक्रम जन्माला आला होता.

आता राष्ट्रीय पातळीकडे येऊ. सबंध देशाची अशी लीग आपल्याकडे फार उशिरा आली. नॅशनल फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली आणि पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी मिल्स पहिला विजेता ठरला. तिला पुढे दुसरा विभागही जोडला गेला. २००७-०८ पासून याच स्पर्धेला आय-लीग असे नाव मिळाले. तिच्या दुसऱ्या विभागाची रीत मात्र गरिबाच्या लग्नासारखी, थोडक्यात आटोपायची. संघांचे गट पाडायचे, गटांतले अव्वल संघ अंतिम फेरीत आणायचे आणि बहुतेकदा एकाच गावी त्यांना जमवून निकाल लावायचा. प्रवासखर्च वाचावा, हा हेतू. दूरचित्रवाणीवर हे सामने क्वचितच दिसत आणि वर्तमानपत्रात त्यांना चार ओळी मिळत. पण त्या चार ओळींत एखाद्या शहराचे नशीब बदललेले असे.

नवे नाव मिळाल्यानंतरची पहिली, म्हणजे २००८ सालची दुसऱ्या विभागाची विजेती होती आपली मुंबई. मुंबई एफसी हा क्लब २००७ मध्ये स्थापन झाला, एका मोठ्या उद्योगसमूहाच्या पाठबळावर. डेव्हिड बूथ नावाचे इंग्रज गृहस्थ त्याचे प्रशिक्षक होते. पहिल्याच वर्षी संघाने दुसरा विभाग जिंकला आणि आय-लीगमध्ये प्रवेश केला. घरचे मैदान कुपरेज. त्याआधी २००५-०६ मध्ये मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने देशाची सर्वोच्च लीग जिंकली होती. म्हणजे तो काळ असा होता, की एकाच शहरात वरच्या पायरीचा जुना विजेता आणि खालच्या पायरीचा नवा विजेता शेजारी शेजारी नांदत होते. मी चाळिशीच्या आसपास होतो. ऑफिस सुटल्यावर पाय आपोआप ओव्हलच्या बाजूला वळायचे.

पण विजेतेपद मिळाले म्हणजे आयुष्य मिळते असे नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी नऊ मोसम आय-लीगमध्ये टिकला. त्यातली काही वर्षे कुपरेजचे नूतनीकरण चालू होते, म्हणून मुंबईच्या संघाला 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. तो कधी लीगच्या शिखराजवळ गेला नाही आणि बरीच वर्षे तळाच्या कडेकडेने चालत राहिला. २०१६-१७ मध्ये शेवटचा आला, खाली घसरला आणि नंतर बंदच झाला. खालच्या पायरीवरून पुन्हा वर येण्याचा प्रयत्नही झाला नाही. जिथून तो विजेता म्हणून वर चढला होता, त्या पायरीवर पुन्हा पाऊल ठेवण्याआधीच त्याचे दार लागले.

हे एकट्या मुंबईचे दुर्दैव असते तर मी ते इतक्या विस्ताराने सांगितले नसते. दुसऱ्या विभागाच्या विजेत्यांची यादी सरळ वाचत गेले की मन उदास होते.

२०१० चा विजेता ओएनजीसी. हा तेल कंपनीच्या नोकरदार खेळाडूंचा संघ. पुढल्याच मोसमात तो खाली आला, २०१२ मध्ये पुन्हा वर गेला आणि २०१३ मध्ये एअर इंडियाबरोबर लीगबाहेर झाला. यावेळी कारण पराभवाचे नव्हते. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी या संघांना पुऱ्या करता आल्या नाहीत.

२०१२ चा विजेता युनायटेड सिक्कीम. बायचुंग भुतियासारखा नामवंत खेळाडू त्याच्या मालकांपैकी एक होता. वर आल्यावर एका मोसमात तो घसरला. २०१३ चा विजेता मेघालयाचा रांगदाजिद युनायटेड. तोही एकच मोसम वरच्या पायरीवर दिसला. २०१४ चा विजेता शिलाँगचा रॉयल वाहिंगदोह. मुंबईचे संतोष कश्यप त्याचे प्रशिक्षक होते. या संघाने वर आल्याबरोबर २०१४-१५ मध्ये तिसरा क्रमांक मिळवला आणि त्याच वर्षी स्पर्धेतून अंग काढून घेतले. देशात तिसरा आलेला संघ पुढल्या मोसमात नाही! परीक्षेत तिसरा आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळा सोडून गेला, तर आपण मास्तरांना काही विचारू की नाही?

२०१६ चा विजेता गोव्याचा डेंपो. त्याने आधी देशाची सर्वोच्च लीग अनेकदा जिंकलेली. २०१५ मध्ये तो खाली घसरला, जिद्दीने दुसरा विभाग जिंकला आणि वर न खेळताच बाहेर पडला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनीही तेव्हाच लीग सोडली. फुटबॉल महासंघाने देशाच्या लीगसाठी जो नवा आराखडा मांडला होता, तो या गोवेकर क्लबांना मान्य नव्हता. पुढे २०२४ मध्ये डेंपो पुन्हा खालच्या पायऱ्या चढून आय-लीगमध्ये परतला, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

असे का व्हावे? कारणे गुंतागुंतीची नाहीत. खालच्या पायरीवर संघ चालवायला जेवढा पैसा लागतो, त्याच्या कितीतरी पट वरच्या पायरीवर लागतो. श्रीनगर, ऐजॉल, कोळीकोड, इंफाळ असे विमानाचे प्रवास करायचे. परदेशी खेळाडू आणायचे. कुमार संघ चालवायचे, मैदान भाड्याने घ्यायचे, हिशेब तपासून द्यायचे. या अटी चुकीच्या नाहीत. क्लब म्हणजे क्लबासारखा चालावा, यात गैर काय? पण खर्च वाढतो तसे उत्पन्न वाढत नाही. तिकिटांचे पैसे किरकोळ आणि प्रक्षेपणाच्या हक्कांतून या क्लबांच्या हाती जवळजवळ काहीच येत नाही. मग सगळा भार एका मालकाच्या हौसेवर येतो. हौस ओसरली की संघ मावळतो. विजेतेपदाचे पत्र घरी येते आणि त्याच्याबरोबर न परवडणारे बिलही येते.

मुंबईपुरते बोलायचे तर आणखी एक धागा आहे. या शहरात फुटबॉल ही एके काळी नोकरी होती. रेल्वे, बँका, तेल कंपन्या, कापड गिरण्या, टाटा, एअर इंडिया, यांचे संघ असायचे. मुलगा चांगला खेळला की त्याला कारकुनाची किंवा फिटरची जागा मिळायची. सकाळी सराव, दुपारी हजेरी, रविवारी हारवुड लीगचा सामना. पगार मोठा नव्हता, पण गुडघा मोडला तरी महिन्याची एक तारीख चुकत नव्हती. व्यावसायिक क्लबांचा जमाना आला तेव्हा हे नोकरीचे संघ मागे पडले. खेळाडूची कमाई वाढली खरी, पण भरवसा कमी झाला.

माझा एक भाचा गोलरक्षक होता. अशाच एका लहान क्लबाकडून तो दुसऱ्या विभागात खेळला. क्लबाचे नाव घेत नाही. दोन मोसम त्याने देशभर हिंडून गोलपोस्ट राखला. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी तीन महिन्यांचे मानधन थकले आणि एके दिवशी फोनवर निरोप आला, की संघ बंद करत आहोत. तो माझ्याकडे येऊन बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, हरून खाली आलो असतो तर समजलं असतं. आम्ही कुठं हरलो?" या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आता तो एका शाळेत पहाटे मुलांना शिकवतो. त्याचे हातमोजे त्याच्या आईने अजून टाकलेले नाहीत.

आता यादीतली दुसरी बाजूही सांगायला हवी. ती नसती तर हे भाषण मी दिलेच नसते.

२०१५ चा दुसऱ्या विभागाचा विजेता मिझोरामचा ऐजॉल एफसी. २०१६ मध्ये तो वरच्या पायरीवरून घसरला. पण मघाशी सांगितले त्या गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला पुन्हा आत घेतले गेले. त्याच सुमारास आपल्या मुंबई एफसीने आपले प्रशिक्षक बदलले होते. खालिद जमील त्यांचे नाव. जन्म कुवेतचा, आखाती युद्धानंतर कुटुंब मुंबईत आले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही मुंबईकर संघांतून ते खेळले आणि २००९ पासून सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिले. मुंबईतून निघालेले हे जमील थेट ऐजॉलला पोहोचले. एप्रिल २०१७ मध्ये ऐजॉलने आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरवले आणि ३० एप्रिलला शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून देशाचे विजेतेपद पटकावले. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय लीग विजेता! आदल्या वर्षी घसरलेला संघ आणि घरच्या क्लबाने निरोप दिलेला प्रशिक्षक. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला. एकाच गुणतक्त्यात वरच्या आणि खालच्या टोकाला दुसऱ्या विभागाचे दोन जुने विजेते होते आणि दोघांमध्ये दुवा एकच माणूस होता. ऑगस्ट २०२५ मध्ये हेच खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांची शाळा मात्र तीच, कुपरेजच्या तळाकडच्या संघाची.

ऐजॉलनंतर इंफाळचा नेरोका. २०१७ मध्ये त्याने दुसरा विभाग जिंकला आणि वर आल्या मोसमात, २०१७-१८ मध्ये, थेट उपविजेतेपद मिळवले. पण पुढे मणिपूर पेटले. २०२३-२४ मध्ये नेरोका आणि इंफाळचाच ट्राऊ, म्हणजे २०१९ चा दुसऱ्या विभागाचा विजेता, या दोघांनाही आपले सामने घराबाहेर, परक्या मैदानांवर खेळावे लागले. मोसमाअखेर दोघेही घसरले. गुणतक्ता पाहणाऱ्याला वाटेल की खेळ कमी पडला. तक्त्यात जळालेल्या घरांसाठी रकाना नसतो.

आणि २०१८ चा विजेता रिअल काश्मीर. २०१४ च्या पुरानंतर श्रीनगरची मुले रिकामी बसली आहेत, त्यांना काहीतरी हवे, या विचारातून दोन मित्रांनी हा क्लब काढला. एक संदीप चट्टू, काश्मिरी पंडित, हॉटेल व्यवसायातले. दुसरे शमीम मेराज, वृत्तपत्राचे संपादक. प्रशिक्षक आले स्कॉटलंडहून, डेव्हिड रॉबर्टसन. ३० मे २०१८ रोजी बंगळुरूत त्यांनी हिंदुस्तान एफसीला ३-२ असे हरवून दुसरा विभाग जिंकला आणि पुढल्या मोसमात आय-लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. थंडीने गारठलेल्या श्रीनगरच्या मैदानावर हजारो माणसे सामना बघायला जमायची. माझ्या मते त्या वर्षी दुसऱ्या विभागाने देशासाठी जे केले, ते पहिल्या विभागालाही जमले नव्हते.

याच काळात या विभागात एक गंमतही चालू होती. वरच्या मोठ्या क्लबांचे राखीव संघ तिथे खेळवले जात. जिंकले तरी त्यांना बढती नव्हती. खेळायचे सगळ्यांनी, वर जायचे काहींनीच.

आता पायऱ्यांची रचनाच बदलली आहे, तीही सांगतो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. तिच्यातले क्लब पायऱ्या चढून आले नव्हते, त्यांनी प्रवेशाचे मोल मोजले होते. २०१९ मध्ये तिलाच देशाची सर्वोच्च लीग मानले गेले. गिरगावात जुन्या चाळीवर नवा मजला चढवतात, तसेच हे. कालचा वरचा मजला आज मधला झाला. २०२२-२३ पासून आय-लीग ही अधिकृतपणे दुसरी पायरी झाली आणि तिच्या विजेत्याला वर जाण्याची वाट मोकळी झाली. त्या वर्षी राउंडग्लास पंजाब जिंकला आणि सुपर लीगमध्ये बढतीने गेलेला पहिला क्लब ठरला. २०२३-२४ मध्ये जिंकला मोहमेडन स्पोर्टिंग. शिलाँगमध्ये लाजाँगला २-१ असे हरवून त्याने विजेतेपद पक्के केले, ती बातमी मी दोनदा वाचली. १९३४ मध्ये जो खालून वर आला होता, तोच नव्वद वर्षांनी पुन्हा खालून वर आला. पुढल्या मोसमात तो सुपर लीगच्या तळाला राहिला, हेही खरे.

२०२४-२५ चा निकाल तर मैदानावर लागलाच नाही. एप्रिलमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता ठरवले गेले. पण एका सामन्यातल्या अपात्र खेळाडूवरून वाद होता. तो स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलै २०२५ मध्ये इंटर काशी विजेता ठरला. चर्चिलने एकदा हातात घेतलेले विजेतेपद कागदाने काढून घेतले. नियम पाळले गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण चषक उचलतानाचा आनंद कोणता लवाद परत देणार? त्याच वर्षी सुपर लीगचेही करार संपत आले आणि ती ठरल्या वेळी सुरू होऊ शकली नाही. म्हणजे पाया कच्चा ठेवून वर मजले चढवले, की हादरे वरच्या मजल्यालाही बसतात.

आय-लीग खाली सरकल्यामुळे तिचा जुना दुसरा विभाग आता तिसरी पायरी झाला. त्याचे अलीकडचे विजेते म्हणजे २०२२-२३ मध्ये दिल्ली एफसी, २०२३-२४ मध्ये स्पोर्टिंग क्लब बंगळुरू आणि २०२४-२५ मध्ये बंगालचा डायमंड हार्बर. या यादीत महाराष्ट्र कुठे आहे? २००९ मध्ये बढती मिळवलेल्या पुणे एफसीने २०१२-१३ मध्ये देशात दुसरा क्रमांक मिळवला होता. २०१५ नंतर तो क्लब उरला नाही. मुंबईचा केंकरे एफसी आय-लीगपर्यंत पोहोचला आणि २०२२-२३ मध्ये घसरला. अंबरनाथचाही एक संघ खालच्या विभागात झुंजला. मुंबई सिटी एफसीने सुपर लीग २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये जिंकली, त्याचा मला आनंद आहे. पण तो संघ अंधेरीला खेळतो आणि पायऱ्या चढून आलेला नाही. आमच्या वाडीतल्या मुलाला तिथपर्यंत पोहोचायला मधली पायरी कोणती, हे त्याला कुणी सांगू शकत नाही.

याउलट कोल्हापूरकडे बघा. तिथे राष्ट्रीय लीगचा मोठा क्लब नाही. पण पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे घेतली की अख्खी पेठ उभी राहते. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी माणसे जीव टाकतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तिथल्या तालमी मालकाच्या हौसेवर चालत नाहीत, पेठेच्या मायेवर चालतात. म्हणून त्या टिकल्या. पेठेची ही माया आणि लीगची शिस्त यांची गाठ कुणी घालून दिली, तर महाराष्ट्राचे नाव त्या यादीत पुन्हा दिसेल असे मला वाटते.

नानांचा तो प्रश्न माझ्याबरोबर इतकी वर्षे चालत आला. आज तू कोणाकडून? अब्बांनी त्याचे उत्तर कधी शब्दांत दिले नाही. पण ते दोन्ही बाजूंच्या चांगल्या खेळाला टाळी द्यायचे आणि परतीच्या वाटेवर मुंबईच्या पोरांची नावे घ्यायचे. जो संघ आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ज्यात उद्या आपला पोरगा खेळू शकेल, तो आपला संघ, एवढे मी त्यातून समजलो. मुंबई एफसी तसा होता. म्हणून त्याच्या बंद होण्याचे मला वाईट वाटते. तो फार जिंकत होता म्हणून नाही.

काल संध्याकाळी चेंडू पुन्हा जिन्यात आला. त्या मुलाला मी सांगितले, "अरे, सेकंड डिव्हिजन ही हरलेल्यांची लीग नाही. अजून वर जायचेत त्यांची आहे. आणि मुंबईने ती एकदा जिंकली होती, इथे जवळच, कुपरेजच्या संघाने." त्याने चेंडू काखेत घेतला आणि विचारले, "मग आता तो संघ कुठाय?"

मी त्याला म्हटले, "रविवारी सकाळी तयार राहा. चालत जाऊ. मैदान तरी दाखवतो." त्याच्या आईने गॅलरीतून मान डोलावली. बघू, बरोबर आणखी किती पोरे येतात ते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)